वर्डप्रेसचे बदलते दर्शनी पटल : आगामी आवृत्तीचे पूर्वदर्शन आणि मराठी वापरकर्ता

गोषवारा

वर्डप्रेस या मुक्त लेखन-प्रकाशन प्रणालीचा उपयोग महाविद्यालयांची संकेतस्थळे, विभागीय पृष्ठे व अध्यापकांची व्यक्तिगत लेखनस्थळे चालविण्यासाठी मोठ्या प्रमाणावर होतो. या प्रणालीचे दर्शनी पटल ठरावीक काळाने बदलत असते आणि प्रत्येक बदल प्रसृत होण्यापूर्वी चाचणीसाठी सर्वांस खुला केला जातो. प्रस्तुत लेखात २००८ पासूनच्या तीन मोठ्या बदलांच्या आधारे या पूर्वदर्शनाची कार्यपद्धती स्पष्ट केली असून देवनागरीत काम करणाऱ्या वापरकर्त्यास हे बदल कोणत्या ठिकाणी अडवितात, याचा विचार केला आहे.

सूचक शब्द : वर्डप्रेस, दर्शनी पटल, चाचणी आवृत्ती, गुटेनबर्ग संपादक, इनस्क्रिप्ट, देवनागरी दुवे

प्रस्तावना

संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती आली की सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने एकच गोष्ट घडते : कालपर्यंत जेथे बटण होते तेथे आज ते नसते. आतील संगणकीय रचनेत शेकडो बदल झाले तरी त्यांची त्यास जाणीव नसते. परंतु 'प्रकाशित करा' हे बटण उजवीकडून वर सरकले तर त्याचे दिवसाचे काम थांबते. म्हणूनच दर्शनी पटलातील बदल हा तांत्रिक विषय असण्याबरोबरच श्रमाचा, सवयीचा व भाषेचाही विषय आहे.

वर्डप्रेसचा प्रारंभ मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी केला. मिशेल वाल्द्रिगी यांनी रचलेल्या 'बी-टू' या बंद पडत चाललेल्या लेखन-प्रणालीची ती शाखा होती. दैनंदिनीवजा लेखन प्रकाशित करण्यासाठी जन्मलेली ही प्रणाली आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार संकेतस्थळांच्या मुळाशी आहे. कुर्ला, नेहरूनगर, चुनाभट्टी यांसारख्या उपनगरी भागातील एखाद्या अनुदानित महाविद्यालयाचे उदाहरण घ्यावे. संकेतस्थळासाठी स्वतंत्र तंत्रज्ञ नेमण्याची तरतूद तेथे बहुधा नसते. सूचना, परीक्षांची वेळापत्रके, समित्यांचे अहवाल हे सर्व चढविण्याचे काम संगणकाची थोडी आवड असलेल्या एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा कार्यालयातील लिपिकाकडे येते आणि एकदा आले की ते त्याच्याकडेच राहते. दर्शनी पटल बदलते तेव्हा त्याचा पहिला धक्का या व्यक्तीस बसतो.

पूर्वदर्शन म्हणजे नेमके काय?

वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षाला साधारणतः दोन ते तीन निघतात. जाझ संगीतकारांची नावे त्यांस देण्याची प्रथा आरंभापासून आहे. जानेवारी २००४ मधील पहिल्या पूर्ण आवृत्तीस माइल्स डेव्हिस यांचे नाव लाभले. प्रत्येक आवृत्ती अंतिम रूपात येण्यापूर्वी दोन टप्प्यांतून जाते. प्रथम 'बीटा' म्हणजे चाचणी आवृत्ती येते. तिच्यात सर्व नव्या सोयी असतात, पण त्या डळमळीत असू शकतात. त्यानंतर 'रिलीज कॅंडिडेट', म्हणजे प्रसरणास जवळजवळ सिद्ध अशी आवृत्ती येते. या दुसऱ्या टप्प्यात पटलावरील शब्द गोठविले जातात, जेणेकरून जगभरच्या भाषांतरकारांस स्थिर मजकूर हाती मिळावा. मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने हा टप्पा विशेष महत्त्वाचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

या आवृत्त्या कोणासही विनामूल्य उतरवून घेता येतात. 'वर्डप्रेस बीटा टेस्टर' या नावाची जोडणी बसविली की चाचणीसाठी ठेवलेले संकेतस्थळ आपोआप आगामी आवृत्तीवर जाते. चालू संकेतस्थळावर हा प्रयोग अर्थातच करू नये. पूर्वी यासाठी सर्व्हरवर वेगळी प्रत उभारावी लागे आणि तेथेच बहुतेकांचा उत्साह मावळत असे. २०२२ पासून 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' ही सोय आल्यामुळे हा अडसर दूर झाला. संपूर्ण प्रणाली ब्राउझरच्या खिडकीतच चालते, काही बसवावे लागत नाही आणि खिडकी बंद केली की मागे काही उरत नाही. संगणक कक्षातील जुन्या यंत्रावरही तासाभरात आगामी आवृत्ती हाताळून पाहता येते.

आवृत्ती २.५ व २.७ : नऊ महिन्यांत दोन चेहरे

पूर्वदर्शनाची आवश्यकता सर्वाधिक स्पष्ट झाली ती २००८ मध्ये. त्या वर्षीच्या मार्चमध्ये आवृत्ती २.५ प्रसृत झाली. तिचे दर्शनी पटल जेफ्री झेल्डमन यांच्या 'हॅपी कॉग' या नामांकित रचनासंस्थेच्या साहाय्याने नव्याने आखले होते. पटल देखणे होते यात वाद नाही. परंतु लेखनाच्या चौकटीशेजारी असलेला वर्गवारीचा रकाना चौकटीच्या खाली गेला. प्रत्येक लेखाच्या वेळी पान खाली सरकवायचे, वर्ग निवडायचा आणि प्रकाशनासाठी पुन्हा वर यायचे, असा हा प्रवास दिवसातून दहा वेळा करणाऱ्यांनी तक्रारी केल्या.

त्यानंतर जे घडले ते अनुकरणीय आहे. वापरकर्त्यांस प्रत्यक्ष समोर बसवून, त्यांच्या डोळ्यांच्या हालचालींची नोंद घेऊन चाचण्या करण्यात आल्या आणि 'क्रेझीहॉर्स' या टोपणनावाची एक प्रायोगिक शाखा तयार झाली. तिच्यात वरची आडवी सूची डावीकडे उभी करण्यात आली, रकाने हवे तेथे ओढून ठेवण्याची मुभा मिळाली आणि नको ते लपविण्याची सोय झाली. सूचीतील चिन्हांसाठी स्पर्धा घेऊन वापरकर्त्यांचे मत मागविण्यात आले. याचे फलित म्हणजे डिसेंबर २००८ मधील आवृत्ती २.७, 'कोल्ट्रेन'. त्या वेळी डावीकडे उभी राहिलेली सूची पुढील दीड दशकाहून अधिक काळ, रंग-रूप बदलूनही, आपल्या जागी टिकली. आठ-नऊ महिन्यांत दुसऱ्यांदा पटल बदलल्याचा वापरकर्त्यांस त्रास झाला खरा. परंतु मार्चमधील बदल रचनाकारांच्या दृष्टीतून आला होता आणि डिसेंबरमधील वापरकर्त्यांच्या निरीक्षणातून. दोहोंच्या आयुर्मानातील अंतर पुरेसे बोलके आहे.

एका फॉन्टची कथा

डिसेंबर २०१३ मधील आवृत्ती ३.८, 'पार्कर', हिच्यात पटलाचे रूप पुन्हा पालटले. गडद पार्श्वभूमी, सपाट चिन्हे, आठ रंगसंगती आणि 'ओपन सॅन्स' हा फॉन्ट ही तिची वैशिष्ट्ये. हा बदल 'एमपी-सिक्स' या नावाने प्रथम स्वतंत्र जोडणी म्हणून उपलब्ध करण्यात आला होता. म्हणजे ज्यास हवे त्याने ते पटल आपल्या संकेतस्थळावर आधी वापरून पाहावे, अशी योजना होती. पूर्वदर्शनाचा हा प्रकार बीटापेक्षा अधिक दीर्घ व अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण त्यात खऱ्या कामाच्या ओघात बदलाची पारख होते.

तथापि ओपन सॅन्स या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नव्हती. रोमन, ग्रीक व सिरिलिक लिप्यांसाठी तो सिद्ध होता. परिणामी मराठी पटलावर इंग्रजी शब्द नव्या फॉन्टमध्ये आणि मराठी शब्द संगणकात जो कोणता देवनागरी फॉन्ट सापडेल त्यात, असे मिश्रण दिसू लागले. प्रणालीकर्त्यांस याची कल्पना नव्हती असे नाही. ज्या भाषेची अक्षरे या फॉन्टमध्ये नाहीत, तिच्या भाषांतरकारांनी भाषांतराच्या यादीतील 'ऑन' या शब्दाच्या जागी 'ऑफ' लिहावे, म्हणजे त्या भाषेसाठी फॉन्ट बंद होईल, अशी योजना त्यांनी केली होती. हजारो शब्दांच्या यादीत दडलेला हा दोन-तीन अक्षरांचा खटका! भाषांतरकार जागरूक असेल तरच तो सापडावा. अखेर ऑगस्ट २०१६ मधील आवृत्ती ४.६ मध्ये बाहेरचा फॉन्ट काढून प्रत्येक संगणकाचा अंगभूत फॉन्ट वापरण्याचे धोरण स्वीकारले गेले आणि प्रश्न मिटला.

फॉन्टच्या संदर्भात आणखी एक बाब मराठी विभागातील अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठीतील 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. पण पडद्यावर कोणते वळण उमटेल हे शासननिर्णयाने ठरत नाही, ते फॉन्ट आणि पानाची घोषित भाषा यांवर ठरते. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि पानाची भाषा मराठी असल्याचे सांगितले असेल तरच मराठी वळण प्रकट होते. म्हणून संकेतस्थळाची भाषा 'इंग्रजी' ठेवून त्यावर मराठी मजकूर लिहिला, तर विद्यार्थ्यांस शिकविलेले अक्षर व संकेतस्थळावरील अक्षर वेगळे दिसू शकते. यासाठी आवृत्ती ४.७ (डिसेंबर २०१६) मधील एक सोय उपकारक ठरते : संकेतस्थळाची भाषा मराठी ठेवूनही प्रत्येक वापरकर्त्यास आपल्या डॅशबोर्डची भाषा स्वतंत्रपणे निवडता येते. कार्यालयातील एकाने मराठीत व दुसऱ्याने इंग्रजीत काम करावे, यात आता अडचण नाही.

गुटेनबर्ग : पूर्वदर्शन असूनही वाद

आजवरचा सर्वांत मोठा बदल म्हणजे ६ डिसेंबर २०१८ रोजी आवृत्ती ५.० सोबत आलेला 'गुटेनबर्ग' संपादक. तोपर्यंत लेखनाची चौकट एखाद्या कोऱ्या कागदासारखी होती. गुटेनबर्गने कागदाऐवजी ठोकळ्यांची कल्पना आणली. परिच्छेद हा एक ठोकळा, चित्र दुसरा, सारणी तिसरा. प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे हलवावा, सजवावा, पुन्हा वापरावा. मुद्रणकलेच्या खिळ्यांशी जोडलेले नाव या दृष्टीने यथार्थ आहे.

या बदलाचे पूर्वदर्शन तोकडे होते असे म्हणता येणार नाही. जून २०१७ पासून तो जोडणीच्या रूपात खुला होता. ऑगस्ट २०१८ मधील ४.९.८ या आवृत्तीत तर प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर 'गुटेनबर्ग वापरून पाहा' असे आवाहन झळकले, आणि ज्यांस जुनेच हवे त्यांस 'क्लासिक एडिटर' ही जोडणी आधीच बसवून ठेवण्याचा पर्यायही तेथेच दिला होता. असे असतानाही वाद झाला. प्रसरणाची १९ नोव्हेंबर ही तारीख प्रथम २७ नोव्हेंबरवर आणि नंतर ६ डिसेंबरवर गेली. दृष्टिबाधित व कळफलकावरच अवलंबून असणाऱ्या वापरकर्त्यांसाठी संपादक पुरेसा सुलभ नाही, या प्रश्नाच्या पार्श्वभूमीवर सुलभता गटाच्या प्रमुख रियान रीटवेल्ड यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये पद सोडले. उच्च शिक्षणसंस्थांतील वापरकर्त्यांच्या 'डब्ल्यूपी-कॅम्पस' या संघाने निधी उभारून त्रयस्थ तपासणी करविली आणि २०१९ मध्ये तिचा अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला. हा प्रयत्न विद्यापीठीय वर्तुळातून झाला ही गोष्ट भारतीय महाविद्यालयांनी विशेष लक्षात घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू झाल्यानंतर आपल्याकडेही संकेतस्थळाची सुलभता ही केवळ सौजन्याची बाब उरलेली नाही.

या प्रकरणातून पूर्वदर्शनाची एक मर्यादाही दिसते. आगामी बदल दाखविणे आणि त्यावरील आक्षेप ऐकून तो थांबविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००८ मध्ये निरीक्षणाने रचना बदलली. २०१८ मध्ये रचना ठरलेली होती आणि पूर्वदर्शन मुख्यतः सवय लावण्यासाठी होते.

'य' आणि तिरकी रेघ

गुटेनबर्ग संपादकात नवा ठोकळा घालण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे रिकाम्या ओळीच्या आरंभी तिरकी रेघ टंकित करणे. रेघ उमटताच ठोकळ्यांची यादी उघडते. इंग्रजी टंकन करणाऱ्यास यात काहीच सायास नाहीत. परंतु भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८० च्या दशकात प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर तिरक्या रेघेच्या कळीवर 'य' हे अक्षर आहे. मराठी टंकन चालू असताना ती कळ दाबली की यादीऐवजी 'य' उमटतो. यादी हवी असेल तर कळफलक इंग्रजीत न्यावा, रेघ टंकित करावी, पुन्हा मराठीत यावे, नाहीतर अंकपट्टीवरील कळ वापरावी. शीर्षकासाठी ओळीच्या आरंभी दोन वेळा 'हॅश' चिन्ह देण्याचा संक्षेपही याच कारणाने अडतो. इनस्क्रिप्टमध्ये त्या जागी रकाराचे जोडचिन्ह आहे. उच्चारानुसारी टंकन करणाऱ्यांस ही अडचण कमी जाणवते. विरोधाभास असा की, शासनमान्य पद्धतीने मराठी टंकन शिकलेल्या लिपिकासच नव्या पटलाचा वेग नाकारला जातो. अधिक चिन्हाच्या बटणावर माउसने क्लिक करण्याचा मार्ग त्यास खुला असतो, पण तो संथ आहे.

जुन्या फॉन्टमधील मजकुराची अडचण निराळी. युनिकोडपूर्व काळात श्री-लिपी, आकृती इत्यादी फॉन्टमध्ये टंकित केलेले अहवाल महाविद्यालयांच्या दप्तरात आजही आहेत. अशा मजकुरात मुळात रोमन सांकेतांक असतात. फॉन्टमुळे ते मराठी दिसतात इतकेच. नवा संपादक मजकूर चिकटविताना फॉन्टची सजावट काढून टाकतो, आणि मग प्राचार्यांचे मनोगत रोमन अक्षरांच्या खिचडीत परिवर्तित होते. दोष संपादकाचा नाही. मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच त्यावरील उपाय होय.

दर्शनी पटल एक गोष्ट मात्र झाकून ठेवते, ती म्हणजे दुव्याची लांबी. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा वा हलन्त दुव्यात नऊ रोमन चिन्हांनी लिहिला जातो. वर्डप्रेसने शीर्षकापासून सिद्ध होणाऱ्या दुव्यास २०० चिन्हांची मर्यादा घातली आहे. 'अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष' हे शीर्षक पाहावे. त्यात २२ वर्णचिन्हे आहेत, म्हणजे १९८. त्यांत शब्दांमधील तीन जोडरेषा मिळविल्या की २०१. एका चिन्हाने मर्यादा ओलांडली जाते आणि दुव्यातील अखेरचा 'ष' गळून 'कक्' एवढेच उरते. संपादकाच्या पटलावर हे सहसा ध्यानात येत नाही. परंतु हाच दुवा मूल्यांकनाच्या अहवालात चिकटविला की चिन्हांची लांबलचक माळ तयार होते आणि ती कोठेतरी तुटते. प्रकाशनापूर्वी दुव्याच्या रकान्यात रोमन लिपीतील दोन-तीन शब्द हाताने लिहिल्यास हा प्रश्न उद्भवतच नाही. शीर्षक मराठीतच राहते.

पटलावरील मराठी शब्द कोण लिहितो?

वर्डप्रेसच्या पटलावरील मराठी शब्द ही कोणा कंपनीने विकत घेतलेली सेवा नव्हे. स्वयंसेवक ते लिहितात आणि अधिकारप्राप्त संपादक ते मान्य करतात. सप्टेंबर २०१४ मधील आवृत्ती ४.० पासून प्रणाली बसविताना पहिला प्रश्नच भाषेचा विचारला जातो, आणि त्या यादीतील मराठीच्या मागे या मंडळींचे श्रम असतात. नव्या आवृत्तीत नवे शब्द येतात. शब्द गोठल्यापासून प्रसरणापर्यंतच्या काही आठवड्यांत त्यांचे भाषांतर झाले नाही, तर मराठी पटलावर मध्येच इंग्रजी वाक्य दिसते. ठोकळ्यास 'ब्लॉक' म्हणावे, 'खंड' म्हणावे की आणखी काही, असे निर्णय या अल्प कालावधीत होतात आणि पुढे वर्षानुवर्षे राहतात. परिभाषेवर चर्चासत्रे भरविणाऱ्या भाषा-विभागांचा या जिवंत परिभाषानिर्मितीत सहभाग अत्यल्प असावा, हे खेदजनक आहे. त्यासाठी संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. खाते उघडावे, शब्द सुचवावा, इतकेच करावयाचे असते.

हे वर्तुळ मुंबईस अपरिचित नाही. वर्डप्रेसची संमेलने शहरात यापूर्वी झाली आहेत. 'वर्डकॅम्प एशिया' या आशियाई संमेलनाच्या २०२६ मधील अधिवेशनासाठी मुंबईची निवड झाल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये मनिला येथे जाहीर झाले आणि स्थळ म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर निश्चित करण्यात आले. कुर्ला स्थानकाबाहेरून शेअर रिक्षाने जेथे पोहोचता येते, अशा ठिकाणी ही चर्चा येणे आणि परिसरातील महाविद्यालयांनी तिच्यात भाग घेणे यांत अजून अंतर आहे. अशा संमेलनांत एक दिवस केवळ योगदानासाठी राखलेला असतो आणि भाषांतराचे मेज त्यात सहसा असतेच.

डिसेंबरचा प्रश्न

आवृत्ती २.७, ३.८, ४.७, ५.०, ५.६ आणि २ डिसेंबर २०२५ रोजी आलेली ६.९ या सर्व डिसेंबरमध्ये प्रसृत झाल्या. महाविद्यालयीन दिनदर्शिकेत हाच काळ वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल पूर्ण करण्याच्या लगबगीचा असतो. त्याची मुदत अनेकदा वर्षअखेरीची असते आणि अहवालातील बहुतेक बाबींसाठी संकेतस्थळावरील दुवे मागितले जातात. नेमक्या त्या आठवड्यात डॅशबोर्डवर 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' अशी पट्टी येते. लहान, सुरक्षाविषयक सुधारणा ऑक्टोबर २०१३ मधील आवृत्ती ३.७ पासून आपोआप बसतात आणि त्या बसू द्याव्यात. मोठ्या आवृत्तीची घाई मात्र करू नये. प्रथम संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढावी, चाचणी आवृत्ती वेगळ्या जागी उघडावी आणि नेहमीची चार कामे तीवर करून पाहावीत : मराठी सूचना लिहिणे, सारणी चिकटविणे, पीडीएफ चढविणे, जुन्या लेखात दुरुस्ती करणे. ज्या जोडण्यांवर संकेतस्थळ अवलंबून आहे त्या नव्या आवृत्तीशी जुळतात की नाही, हेही त्याच वेळी कळते.

आवृत्ती ६.९ मध्ये लेखातील एखाद्या ठोकळ्याशेजारी सहकाऱ्यासाठी टिपण लिहून ठेवण्याची सोय आली आहे. अहवालाचा मसुदा तीन समित्यांतून फिरविणाऱ्या महाविद्यालयास ती उपयोगी पडेल, पण त्यासाठी तिघांचीही स्वतंत्र खाती हवीत. अनेक ठिकाणी अजून एकच खाते व एकच परवलीचा शब्द सर्वांमध्ये वाटून घेतलेला असतो, आणि तेथे प्रत्येक टिपण एकाच नावाने उमटेल. नवी आवृत्ती बसविण्याआधी प्रत्येक व्यक्तीचे खाते वेगळे करून त्यास संपादक किंवा लेखक अशी योग्य ती भूमिका देणे हे काम प्राचार्यांच्या अनुमतीने एका दुपारी होऊ शकते.